‘श्रोडर म्हणजे शिंपी’ : तीन शब्दांच्या वाक्याची चिकित्सा

‘श्रोडर म्हणजे शिंपी.’

जर्मन आडनावांचे अर्थ सांगणारी कुठलीही लोकप्रिय यादी उघडा, हे वाक्य अगदी याच थाटात भेटेल. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, फिशर म्हणजे कोळी, श्नायडर म्हणजे शिंपी आणि श्रोडर म्हणजेही शिंपीच. डावीकडे आडनाव, उजवीकडे धंदा, संपला विषय.

वाक्य चुकीचं आहे का? तसं नाही. बऱ्याच वेळा ते बरोबरच निघतं. पण संशोधनात सगळ्यात जास्त घोळ घालणारी वाक्यं हीच असतात. साफ चुकीचं वाक्य गाईड लाल पेनाने खोडतात. बऱ्यापैकी बरोबर वाक्य मात्र कोणी हटकत नाही, आणि ते सिनॉप्सिसमधून थेट थिसिसच्या निष्कर्षात जाऊन बसतं.

म्हणून आज हे एकच वाक्य टेबलावर घेऊ आणि सुटं करू. विषय जर्मन नामाभ्यासाचा आहे, पण तुमचा विषय कुठलाही असो, दाव्याच्या पोटातले दावे मोजायची सवय सगळ्यांनाच लागते. या तीन शब्दांत मला चार दावे दिसतात :

१. ‘श्रोडर’ या शब्दाचा अर्थ ‘शिंपी’ असा होता.
२. हा अर्थ जर्मन बोलणाऱ्या सगळ्या प्रदेशात सारखाच होता.
३. ज्याला पहिल्यांदा हे नाव पडलं, तो माणूस खरोखर शिंपीकाम करायचा.
४. आजच्या श्रोडर मंडळींबद्दल या अर्थावरून काहीतरी कळतं.

चारही दाव्यांना लागणारा पुरावा वेगळा आहे. पहिल्यासाठी कोश पुरतो, दुसऱ्यासाठी नकाशा हवा, तिसऱ्यासाठी दप्तर हवं. आणि चौथ्यासाठी? तिथे पोचल्यावर बघू.

शब्द आधी कापतो, मग शिवतो

सुरुवात सोप्या भागापासून. मध्ययुगीन उत्तर जर्मन बोलीत ‘श्रोडन’ आणि दक्षिणेकडे ‘श्रोटन’ असं क्रियापद होतं. अर्थ : कापणं, तोडणं, तुकडे करणं. इंग्रजीतले ‘श्रेड’ आणि ‘श्राउड’ हे शब्द याच कुळातले. आजच्या जर्मनमध्येही हे कुटुंब जिवंत आहे. भरड दळलेल्या धान्याला ‘श्रोट’ म्हणतात, बंदुकीच्या छऱ्यांनाही ‘श्रोट’च. नाणं पाडण्यासाठी तयार केलेल्या कोऱ्या चकतीला ‘श्रोटलिंग’ म्हणतात. सांबराच्या शिंगांसारखे जबडे असलेल्या भुंगेऱ्यांच्या कुळाचं जर्मन नावसुद्धा ‘श्रोटर’ आहे.

या क्रियापदाला ‘-अर’ हा कर्त्याचा प्रत्यय लागला की ‘कापणारा’ तयार होतो. हा प्रत्यय लॅटिनमधल्या ‘-आरिउस’वरून जर्मन भाषांत आला असं मानतात. त्याच्यामुळे आधीच्या ‘ओ’चा उच्चारही बदलला, ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हणावा तसा. देवनागरीत तो नीट उतरत नाही, म्हणून आपण ‘श्रोडर’ असंच लिहू.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मराठीत ‘शिंपी’ म्हटलं की डोळ्यांसमोर सुई-दोरा किंवा मशीन येतं, पण ‘श्रोडर’ या शब्दात शिवणं कुठेच नाही. ‘श्नायडर’मध्येही नाही, तोही ‘श्नायडन’ म्हणजे कापणं यावरूनच आलेला. फ्रेंच ‘तायर’ आणि त्यावरून इंग्रजीत आलेला ‘टेलर’, दोन्ही कापण्याचेच. लॅटिनमधला ‘सार्तोर’ मात्र दुरुस्ती करणं, ठिगळ लावणं या क्रियापदावरून आलाय. धंदा एकच, पण प्रत्येक भाषेने त्यातली वेगळी क्रिया उचलली. कापड महाग होतं, कात्री चुकली की नुकसान भरून येत नसे, म्हणून कापण्याला मान, असं कारण काही जण देतात. पटण्यासारखं आहे, पण शब्दाची व्युत्पत्ती या कारणाचा पुरावा ठरत नाही. व्युत्पत्ती ‘काय’ ते सांगते, ‘का’ हे तिच्या तोंडी आपण घालतो.

बरं, कापणारा म्हणजे शिंपीच कशावरून? उत्तर जर्मनीतल्या शहरांत ‘वांटस्निडर’ नावाचा आणखी एक माणूस होता. ‘वांट’ म्हणजे कापड. हा कापडाचे तागे आणून त्यातून तुकडे कापून विकणारा व्यापारी. अनेक शहरांत असं किरकोळ कापड विकण्याचा हक्क मोजक्या श्रीमंतांच्या हातात असे. म्हणजे कात्री दोघांच्याही हातात, पण प्रतिष्ठेत जमीन-अस्मानाचा फरक. ‘वांडश्नायडर’ हे आडनाव आजही आहे, आणि आडनावांच्या याद्यांत ते शिंप्याच्या रांगेत बसवलेलं दिसलं तर सावध व्हा.

तरीही पहिल्या दाव्यावर माझं मत अनुकूल आहे. उत्तरेत मध्ययुगात ‘श्रोडर’ हा शिंप्यासाठी रुळलेला शब्द होता, याला कोशांचा आणि जुन्या दप्तरांचा भक्कम आधार आहे. अडचण दुसऱ्या दाव्यापासून सुरू होते.

पिंप ढकलणारा श्रोडर

‘श्रोटन’ या क्रियापदाला आणखी एक अर्थ होता : जड वस्तू लाकडी ओंडक्यांवरून सरकवणं, घरंगळवणं. ही जड वस्तू म्हणजे बहुतेक वेळा दारूचं पिंप.

ऱ्हाइन, मोझेल आणि माइन नद्यांकाठचा प्रदेश द्राक्षांचा. वाइन तळघरात साठवायची, म्हणजे भरलेलं पिंप गाडीवरून उतरवून, अरुंद जिन्यावरून खाली न्यायचं, आणि विकलं की तितक्याच सांभाळून वर आणायचं. त्यासाठी शिडीसारखी एक जोडणी असे, दोन लांब तुळया आणि मध्ये आडव्या पट्ट्या. तिला ‘श्रोटलायटर’ म्हणत. दोर लावून पिंप त्यावरून सरकवायचं. हे काम करणारा तो ‘वाइनश्रोटर’. बिअरच्या प्रदेशात ‘बिअरश्रोटर’. अनेक शहरांत हे काम येऱ्यागबाळ्याला करू देत नसत, त्यासाठी शपथ घेऊन नेमलेली माणसं असत. कारण उघड आहे : पिंप हललं की कर आला, आणि पिंप कधी हललं हे या माणसांइतकं कोणाला ठाऊक असणार?

म्हणजे एकाच शब्दाचे दोन धंदे झाले. एक बसून कात्री चालवणारा, दुसरा दोर ओढून घाम गाळणारा. तीन शब्दांच्या त्या वाक्यात हा दुसरा माणूस कुठेच नाही. चांगल्या कोशांत तो असतो, पण यादी बनवताना पहिला अर्थ उचलला जातो आणि स्वल्पविरामानंतरचं सगळं गळतं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे कायम तपासा : मूळ ग्रंथातला ‘किंवा’ पुढच्या ग्रंथात गेला कुठे? ज्ञान एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना सगळ्यात आधी ‘किंवा’ गळतो.

मग एखाद्या श्रोडर घराण्याचा पूर्वज यातला कोण, हे ठरवायचं कसं? इथे नकाशा कामाला येतो.

नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

कोनराड कुन्झं आणि दामारिस न्यूबलिंग यांच्या संपादनाखाली २००९ ते २०१८ या काळात ‘जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह’ सात खंडांत प्रसिद्ध झाला. फ्रायबुर्ग आणि माइन्झ इथल्या विद्यापीठांतला हा प्रकल्प. त्याचा पाचवा खंड (२०१६) धंद्यांवरून आणि माणसाच्या गुणवैशिष्ट्यांवरून पडलेल्या आडनावांना वाहिलेला आहे. या सगळ्याचा पाया म्हणजे २००५ सालची टेलिफोन-जोडण्यांची माहिती. कोणत्या पिनकोडच्या भागात कोणतं आडनाव किती, हे मोजून नकाशावर वर्तुळं काढायची. कल्पना साधी, पण काम अवाढव्य.

श्रोडर कुटुंबाचा नकाशा बघण्यासारखा आहे. ‘श्रोडर’ हे रूप उत्तरेत दाट : लोअर सॅक्सनी, श्लेस्विग-होल्श्टाइन, हॅम्बुर्ग, मेक्लेनबुर्ग, वेस्टफालिया. ‘श्राडर’ हे रूप ब्राउनश्वाइग आणि आजूबाजूच्या पट्ट्यात. ऱ्हाइनच्या खालच्या खोऱ्यात मधला ‘ड’ गळून ‘श्रोअर’ आणि ‘श्रोअर्स’. सॅक्सनी-थ्युरिंगियात ‘ड’च्या जागी ‘ट’, म्हणजे ‘श्रोटर’. ‘श्नायडर’ मात्र मध्य आणि नैऋत्य जर्मनीत दाट, आणि एकूण जर्मनीत म्युलर आणि श्मिटनंतर तिसऱ्या क्रमांकाचं आडनाव.

‘ड’ आणि ‘ट’चा हा भेद मनाने झालेला नाही. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये जुन्या ‘ड’चा ‘ट’ झाला, उत्तरेकडे तो ‘ड’च राहिला. दिवसाला उत्तरेत ‘दाग’ आणि प्रमाण जर्मनमध्ये ‘टाग’ म्हणतात, तोच नियम. म्हणजे एका अक्षरावरून आडनाव कुठल्या बोलीतून आलं याचा अंदाज बांधता येतो.

आता यातली खरी गंमत. आज हॅम्बुर्गमध्ये शिंप्याला कोणी ‘श्रोडर’ म्हणत नाही, सगळीकडे ‘श्नायडर’च म्हणतात. धंद्याचं नाव म्हणून ‘श्रोडर’ हा शब्द हरला, ‘श्नायडर’ जिंकला. पण आडनावं पक्की होत होती तेव्हा उत्तरेत ‘श्रोडर’ चालू होता, म्हणून आडनावात तो टिकला. २००५ च्या टेलिफोन यादीत कित्येक शतकांपूर्वीची बोली गोठून राहिलेली आहे. या प्रकल्पाचं सगळ्यात मोठं योगदान मला हेच वाटतं. कोश जे शब्दांत सांगत होता, ते नकाशाने डोळ्यांना दाखवलं.

आता टीका. नकाशा आजचा आहे आणि दावा मध्ययुगाचा. मधल्या काळात लोक जागेवर बसून नव्हते. एकोणिसाव्या शतकात रूरच्या खाणी-कारखान्यांकडे लोंढे गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून सुमारे १ कोटी २० लाख जर्मन निर्वासित होऊन पश्चिमेकडे आले. एवढी उलथापालथ होऊनही मोठा आकृतिबंध टिकला हे आश्चर्यच. त्यामुळे उत्तर विरुद्ध दक्षिण असा ढोबळ निष्कर्ष पक्का धरायला हरकत नाही. पण एखाद्या शहरातल्या चार वर्तुळांवरून ‘इथे तेराव्या शतकात हा शब्द चालायचा’ असं म्हणाल तर ते टिकणार नाही.

दुसरं, टेलिफोन-जोडणी म्हणजे माणूस नव्हे. एका घरात एक फोन, बहुधा एकाच्याच नावावर. पश्चिम जर्मनीत १९७६ च्या कायद्यापर्यंत लग्नानंतर नवऱ्याचंच आडनाव कुटुंबाचं आडनाव होत असे. म्हणजे या यादीत बायकांच्या माहेरच्या आडनावांचा प्रवास जवळपास अदृश्य आहे. आडनावाचा नकाशा हा मुळात बापाच्या बाजूच्या एका धाग्याचा नकाशा आहे. त्याला ‘लोकसंख्येचा नकाशा’ म्हणायची घाई करू नका.

तिसरं, नकाशा शब्दाचं रूप दाखवतो, अर्थ दाखवत नाही. लोअर सॅक्सनीतला श्रोडर शिंपी असण्याची शक्यता खूप जास्त, कारण शब्द तिथे त्याच अर्थाने रुळला होता आणि तो द्राक्षांचा प्रदेश नव्हे. पण मोझेलच्या खोऱ्यात किंवा शेजारच्या लक्झेंबर्गमध्ये श्रोडर आडनाव दिसलं तर? तिथे कात्री आणि पिंप दोघंही दारात उभे असतात. नकाशा इथे गप्प बसतो, आणि आपणही बसावं, निदान दप्तर उघडेपर्यंत.

दप्तरातला कारकून

तिसरा दावा आठवा : पहिला श्रोडर खरोखर तो धंदा करायचा. यासाठी शहरांच्या करवह्या, नागरिकत्वाच्या नोंदी, जमिनीचे व्यवहार, चर्चच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. तिथे पहिली भेट होते ती कारकुनाशी.

जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत. कारकून लिहितो ‘सार्तोर’. शेजारीपाजारी त्या माणसाला ‘श्रोडर’ म्हणत होते की ‘श्नायडर’, हे या शब्दावरून कळत नाही. पुढे कारभार जर्मनमध्ये सुरू झाला की बोलीतला शब्द पहिल्यांदा कागदावर दिसतो. म्हणजे ‘श्रोडर या शब्दाची पहिली नोंद अमुक सालची’ हे वाक्य शब्दाच्या जन्माबद्दल नसून कारकुनाच्या भाषेबद्दलही असू शकतं.

दुसरा पेच याहून अवघड. ‘हाइनरिख, श्रोडर’ अशी नोंद सापडली, तर हे आडनाव आहे की नुसता धंद्याचा उल्लेख? समजा, कुठल्याशा करवहीत ‘हाइनरिख श्रोडर, पाव भाजणारा’ असं दिसलं, तर धंदा आणि नाव वेगळे झाले हे नक्की. बाप, मुलगा आणि नातू वेगवेगळे धंदे करत एकच नाव लावताना दिसले, तर ते वारशाने जाऊ लागलं हे नक्की. यापैकी काहीच नसेल तर ते उपनाव आहे इतकंच म्हणता येतं. सोळाव्या शतकानंतर ज्याने हे आडनाव वारशात घेतलं, त्याच्या धंद्याबद्दल त्यातून जवळपास काहीच कळत नाही.

शिलरचं ‘काबालं उंट लीबं’ हे नाटक (१७८४) साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. त्याचं मूळ शीर्षक ‘लुइझं मिलरिन’ होतं. नायिकेच्या वडिलांचं आडनाव मिलर, म्हणजे गिरणीवाला, पण ते आहेत शहरातले वादक. प्रेक्षकांना यात काही खटकत नव्हतं, कारण आडनावाचा आणि धंद्याचा काडीमोड कधीच झाला होता. ‘मिलरिन’मधला ‘-इन’ हाही बघून ठेवा. बाईच्या आडनावाला तो लावायची तेव्हा रीत होती, त्यामुळे जुन्या वहीत ‘श्रोडरिन’ दिसलं तर ते निराळं आडनाव समजून वेगळ्या रकान्यात मोजू नका.

आडनावं पक्की होण्याचा काळही सगळीकडे एक नाही. पश्चिम आणि दक्षिणेकडच्या शहरांत बाराव्या शतकापासून सुरुवात, उत्तर-पूर्वेला उशिरा, खेड्यांत त्याहून उशिरा. ओस्टफ्रीसलांड भागात बापाचं नाव लावायची पद्धत इतकी घट्ट होती की कायम आडनाव घ्यायला १८११ मध्ये नेपोलियनच्या राजवटीचा हुकूम यावा लागला. ज्यू कुटुंबांना ऑस्ट्रियात १७८७ च्या आणि प्रशियात १८१२ च्या आदेशाने कायम आडनाव घ्यावं लागलं. मग ‘श्नायडर’ हे आडनाव तेराव्या शतकातल्या कलोनच्या शिंप्याला पडलेलं आणि अठराव्या शतकाच्या शेवटी सरकारी वहीत नोंदवलेलं, या दोन घटना एकाच ओळीत बसवायच्या का? अक्षरं तीच आहेत, पण इतिहास दोन आहेत.

त्यात विद्वानांनी आणखी भर घातली. सोळाव्या शतकात शिकलेल्या मंडळींना लॅटिनचा सोस होता. वेबर म्हणजे विणकर, त्याचा ‘टेक्स्टोर’ झाला. गटेच्या आईच्या घराण्याचं आडनाव हेच. बेकरचा ‘पिस्टोरिउस’, म्युलरचा ‘मोलिटोर’. शिंप्याचा झाला ‘सार्टोरिउस’. आता सार्टोरिउस घराणं मूळचं श्नायडर की श्रोडर? एकदा लॅटिनचा लेप बसला की खालची बोली पुसली जाते.

स्पेलिंगचंही तसंच. १८७५ च्या कायद्याने १ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि कुटुंबाचं स्पेलिंग त्या वहीत गोठलं. आज बिंदू असलेला ‘ओ’ लिहिणारे श्रोडर आणि ‘ओ-ई’ अशी दोन अक्षरं लिहिणारे श्रोडर कायद्याने वेगळी आडनावं आहेत. अमेरिकेत गेलेल्यांचे ते टिंब बोटीतच गळाले. ‘पीनट्स’ या चित्रमालिकेत खेळण्यातल्या पियानोवर बेटहोफन वाजवणारा पोरगा श्रोडर आठवतो? तो ‘ओ-ई’वाला. त्याला जन्म देणारे चार्ल्स शुल्झ यांचं आडनावही जर्मन, गावच्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून आलेलं.

दोन मोहांपासून लांब राहा

मराठी वाचकाला इथे एक मोह होतो : धंद्याचं नाव म्हणजे जात. श्रोडर म्हणजे ‘त्यांच्यातले शिंपी’. ही तुलना जपून करा. जर्मन शहरांत धंद्यांचे संघ होते, त्यात उमेदवारी करून शिरावं लागे आणि नियम कडक होते. जन्म ‘अब्रूदार’ असण्याची अट असे, फाशी देणाऱ्यांच्या किंवा मेलेली जनावरं सोलणाऱ्यांच्या मुलांना दारं बंद असत. म्हणजे जन्मावरून भेदभाव होता. पण शिंप्याच्या मुलाने बेकर होणं अशक्य नव्हतं, आणि ‘श्रोडर’ आडनावाच्या माणसाने श्रोडर आडनावातच लग्न करावं असा नियम नव्हता. हे नाव शेजाऱ्यांनी माणूस ओळखण्यासाठी दिलं होतं.

‘ओळखण्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मध्ययुगात बहुसंख्य लोक शेतकरी होते, तरी जर्मनीत ‘बाउअर’ म्हणजे शेतकरी हे आडनाव म्युलर, श्मिटच्या खूप मागे आहे. कारण सरळ आहे : सगळं गाव शेतकरी असेल तर ‘शेतकऱ्याचा हान्स’ म्हणून कोणता हान्स कळणार? गावात लोहार एक, गिरणीवाला एक. नाव त्यांना पडलं. म्हणून आडनावांच्या संख्येवरून मध्ययुगीन धंद्यांची टक्केवारी काढायचा दुसरा मोहही टाळा. आडनाव अपवादाची नोंद ठेवतं, सरासरीची नाही.

चौथा दावा, आणि त्याची किंमत

‘इतका कीस कशाला? नावाचा अर्थ थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाचं काय बिघडतं?’ दोन उदाहरणं देतो.

२०१३ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात राफाएल झिल्बरत्सान आणि एरिक उलमान यांचा एक निबंध आला. जर्मनीतल्या सुमारे २ लाख २३ हजार लोकांची माहिती घेऊन त्यांनी म्हटलं की कायझर, कोनिग, फ्युर्स्ट म्हणजे सम्राट, राजा, सरदार अशा आडनावांचे लोक कोख, बाउअर, बेकर अशा धंदेवाचक आडनावांच्या लोकांपेक्षा मॅनेजरच्या पदांवर जास्त दिसतात. बातमी झकास होती, खूप फिरली. मग उरी सिमोन्सोन यांनी प्रश्न विचारला : तुलना योग्य आडनावांशी झाली आहे का? आडनावं लोकसंख्येत यदृच्छेने वाटलेली नसतात, त्यांच्यामागे प्रदेश असतो, समाज असतो. सारख्या ठेवणीच्या आडनावांशी जोडी लावून पुन्हा विश्लेषण केलं तेव्हा नावाच्या अर्थाचा परिणाम दिसला नाही. २०१४ मध्ये तिघांनी मिळून तेच त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केलं.

मूळ लेखकांशी न्याय करायला हवा. कायझर आडनावाचे लोक सम्राटाचे वंशज आहेत असं ते म्हणत नव्हते, नावाच्या ध्वनीचा ऐकणाऱ्यावर परिणाम होतो असं म्हणत होते. आणि स्वतःच्या निष्कर्षाविरुद्धच्या लेखावर सही करणं हे मोठ्या मनाचं काम आहे. पण धडा आपल्या कामाचा आहे. श्रोडरचा नकाशा बघितलेला माणूस हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारेल. श्रोडर आणि श्नायडर यांची तुलना म्हणजे ‘शिंपी विरुद्ध शिंपी’ नव्हे, बऱ्याच अंशी ‘उत्तर विरुद्ध मध्य-दक्षिण’ अशी तुलना आहे. डेटा लाखांचा असला तरी आडनावाचा भूगोल त्यातून पुसला जात नाही.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. १९३३ नंतर जर्मनीत नोकरी टिकवण्यासाठी ‘आर्य’ असल्याचे दाखले मागितले जाऊ लागले. चर्चच्या जुन्या नोंदवह्या, म्हणजे आपण वर ज्यांची साधन म्हणून चर्चा केली त्याच वह्या, आजी-आजोबांचा धर्म शोधण्यासाठी उलटल्या गेल्या. कुळ शोधून देणं हा धंदा झाला. आडनावावरून ‘रक्त’ ओळखता येतं असा समज पसरवणारे होतेच. पण श्नायडर आडनावाचे लोक ख्रिस्ती होते आणि ज्यूही होते. आडनाव ते काम करत नव्हतं, म्हणून राजवटीला नावंच बदलावी लागली : १ जानेवारी १९३९ पासून, ठरवून दिलेल्या यादीतलं नाव नसलेल्या ज्यू पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव सक्तीने लावायला लावलं. नाव कलंक कसं बनवलं जातं, याचा १८१२ ते १९३३ या काळाचा अभ्यास डिट्झ बेरिंग यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. आडनावांवर काम करणाऱ्याने तो वाचायलाच हवा.

म्हणून चौथ्या दाव्यावर माझं मत स्पष्ट आहे : आजच्या श्रोडरबद्दल ‘श्रोडर’चा अर्थ काही सांगत नाही. गेरहार्ड श्रोडर जर्मनीचे चान्सलर झाले, त्याचा कात्रीशी किंवा पिंपाशी काही संबंध नाही. त्यांच्या बापाच्या बाजूचा एक दूरचा धागा कुठेतरी उत्तरेच्या बोलीपर्यंत जात असावा, एवढंच. त्याच पिढीतले बाकीचे शेकडो पूर्वज कोण होते, ते आडनावात नाही.

मग वाक्य लिहायचं कसं?

पुरावा जेवढा, तेवढंच वाक्य. असं लिहून बघू : ‘श्रोडर हे मुख्यतः उत्तर जर्मनीतलं, कापणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं धंदेवाचक आडनाव आहे. उत्तरेत ते शिंप्याला पडलेलं असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, द्राक्षांच्या प्रदेशात पिंपं हलवणाऱ्यालाही पडलेलं असू शकतं, आणि एखाद्या घराण्यापुरता निर्णय त्या त्या ठिकाणच्या नोंदींवरूनच करता येतो.’

लांबलं खरं. पण यातल्या प्रत्येक तुकड्यामागे काय आहे ते दाखवता येतं : कोश, नकाशा, दप्तर. आणि चौथा दावा वाक्यातून गेला आहे, कारण त्याच्यामागे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात आत्मविश्वासाने लिहिलेलं वाक्य काढा. त्यात किती दावे आहेत ते मोजा, आणि प्रत्येकासमोर पुराव्याचा प्रकार लिहा. एखाद्या दाव्यासमोरची जागा रिकामी राहिली, तर व्हायव्हाच्या आधी ती तुम्हालाच दिसलेली बरी.